शतावरी किती, दूध किती?

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं बाळंतपणातल्या आणि पाळीच्या औषधांबद्दलची आहेत. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : माझं बाळ २४ दिवसांचं आहे. जन्मलं तेव्हा २ किलो ८०० ग्रॅम होतं, चौथ्या दिवशी २ किलो ६०० वर आलं, परवा आशाताईंनी काटा लावला तर ३ किलो १०० भरलं. सासूबाई म्हणतात, दूध कमी पडतंय, म्हणून दोन वेळा दोन-दोन चमचे शतावरी कल्प देतात. संध्याकाळी बाळ तासातासाला मागतं. छाती पहिल्यासारखी भरलेली वाटत नाही. पंपानं काढून बघितलं तर जेमतेम दोन चमचे निघालं. शतावरीनं दूध वाढतं का? आणखी किती दिवस घेऊ? — कसबा बावडा

उत्तर : शतावरीकडे नंतर येऊ, आधी काटा बघू. तुमच्याच पत्रातला हिशेब असा : चौथ्या दिवसापासून चोविसाव्यापर्यंत २० दिवस, वाढ ५०० ग्रॅम. म्हणजे रोज २५ ग्रॅम. या वयात रोज २० ते ३० ग्रॅम वाढ झाली की बाळाला पोटभर मिळतंय असं समजायचं. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच. जन्मवजनाच्या ७ टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची, १० टक्क्यांच्या वर गेली तर डॉक्टरांकडे. दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत आलं पाहिजे. तुमच्या घरात दूध कमी नाही, काळजी जास्त आहे.

ज्या तीन गोष्टींवरून तुम्हाला कमी वाटतंय, त्या तिन्ही फसव्या आहेत. पहिल्या दिवसांत छाती दगडासारखी लागते ती दुधाबरोबरच सुजेमुळेही. काही आठवड्यांत शरीर बाळाच्या मागणीचा अंदाज घेतं आणि छाती मऊ पडते. दूध आटलं असा त्याचा अर्थ नाही. संध्याकाळी बाळ सारखं अंगावर येतं ते बहुतेक बाळांच्या बाबतीत होतं. पंपाचं तर सोडूनच द्या. बाळाच्या जिभेला आणि जबड्याला जे जमतं ते पंपाला जमत नाही, आणि पाजून झाल्यावर पंप लावला तर दोन चमचेच निघणार. पंपाच्या बाटलीपेक्षा लंगोट मोजा. पहिल्या आठवड्यानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट फिकट लघवीनं ओले होत असतील तर ठीक चाललं आहे.

आता शतावरी. बाळंतिणीला ती देण्याची चाल जुनी आहे आणि तिच्यावर चाचण्याही झाल्या आहेत, पण त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. १९९६ साली ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’मध्ये ६४ मातांवरची चाचणी छापून आली. दूध कमी असल्याची तक्रार असलेल्या या मातांपैकी काहींना शतावरी दिली, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली मात्रा. दोन्ही गटांत फरक निघाला नाही. २०११ साली दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली, ६० मातांवर. तिच्यात शतावरीच्या मुळाचं चूर्ण, वजनाच्या दर किलोमागे ६० मिलिग्रॅम, रोज, ३० दिवस. रक्तातलं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं संप्रेरक, शतावरीच्या गटात सुमारे ३३ टक्के वाढलं, दुसऱ्या गटात सुमारे १० टक्के. कल्पाच्या जाहिरातींना असे आकडे सोयीचे पडतात, १९९६ ची चाचणी तिथे कोण सांगणार?

२०२० मध्ये कॉक्रेन या, उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी दूध वाढवणाऱ्या सगळ्याच उपायांचा धांडोळा घेतला. ४१ चाचण्या, ३,००५ माता. शतावरीच्या जोडीला मेथी, बडीशेप, केळफूल, खजूर, आलं, शेवगा असं सगळं त्यात आलं. निष्कर्ष असा, की या वनस्पतींचा काही फायदा होत असेल, पण पुरावा इतका कच्चा आणि विस्कळीत आहे की किती फायदा ते सांगता येत नाही. चाचण्या लहान, मात्रा वेगवेगळ्या, आणि दूध मोजण्याच्या पद्धतीही निराळ्या.

प्रोलॅक्टिन वाढलं म्हणजे दूध वाढलं, असंही नाही. बाळंतपणानंतर आठवडे जातात तशी प्रोलॅक्टिनची पातळी उतरत जाते, आणि तरीही दूध टिकून राहतं. कारण पुढे किती दूध तयार व्हायचं ते मुख्यतः छाती किती रिकामी होते यावर ठरतं. दूध साचून राहिलं की तिथल्या पेशी काम मंदावतात. कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस घेऊन उभ्या राहणाऱ्या गवळ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. धार अर्धवट सोडली, दोन वेळा चुकवल्या, की म्हैस आटायला लागते. मग पेंड कितीही घाला.

म्हणून आमचा भर धारेवर. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजा, त्यातलं निदान एक-दोनदा रात्री, कारण रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं. वरचं दूध एकदा जरी दिलं तरी अंगावरची एक वेळ बुडते आणि तेवढी मागणी घटते. दूध कमी पडण्याची सुरुवात बऱ्याच घरांत तिथूनच होते. पकड तपासा : तोंड जांभईएवढं उघडं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडाभोवतीचा काळा भाग वरच्या ओठाच्या बाजूला जास्त आणि खाली कमी दिसतो. गालाला खळ्या पडत असतील आणि चुटचुट आवाज येत असेल तर बाळ नुसतं बोंड चोखतंय. मग दूध कमी जातं आणि बोंडाला चिरा पडतात. अशा वेळी करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यात घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. ओढून काढू नका.

शतावरी घ्यायचीच असेल तर ५० किलो वजनाच्या बाईला रोज ३ ग्रॅम चूर्ण एवढीच २०११ च्या चाचणीतली मात्रा होती, आणि ती ३० दिवसच दिली होती. महिनाभर घेऊन बाळाच्या वाढीत फरक नसेल तर डबा बंद करा. आणि दोन आठवडे होऊनही जन्मवजन गाठलं नाही, लंगोट सहाच्या खाली आले, बाळ पाजायलाही उठत नाही, यातलं काहीही असेल तर शतावरीच्या भरवशावर एक दिवसही घालवू नका. बाळंतपणात फार रक्त गेलेलं असेल, थायरॉईडचा त्रास असेल, वारेचा तुकडा आत राहिलेला असेल, तर दूध कमी येऊ शकतं. कारण शोधूनच इलाज करावा लागतो.

प्रश्न : बाजारचा कल्प बरा की काष्ठौषधीच्या दुकानातून मुळ्या आणून घरी दुधात उकळलेलं बरं? गरोदरपणात मला साखर निघाली होती. — गडहिंग्लज

उत्तर : साखर निघाली होती म्हटल्यावर कल्प नकोच. कल्प म्हणजे शतावरीच्या काढ्यात घोटलेली साखर. डब्यावर ‘प्रत्येक १० ग्रॅममध्ये’ अशी ओळ असते ती वाचा. १० ग्रॅममध्ये २ ग्रॅम शतावरी असेल तर ३ ग्रॅमसाठी १५ ग्रॅम कल्प लागतो, आणि त्यातली १२ ग्रॅमपर्यंत साखर. वेलची-केशराचा वास छान येतो, पण पैसे साखरेचे जातात.

मुळ्या घेताना बघा : वाळलेली शतावरी फिकट पिवळसर किंवा मातकट पांढरी, उभ्या सुरकुत्यांची, मधली तारेसारखी शीर काढलेली हवी. शीर तशीच असेल तर वजन वाढतं, औषध नाही. चिकट, काळपट, कुबट वास येणारी मुळी परत द्या. शतावरी हवेतली ओल ओढून घेते, आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टात कागदाच्या पुडीतल्या मुळीला आठ-पंधरा दिवसांत बुरशी येते. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष आईच्या पोटातून दुधात उतरतं. तेव्हा पावसाळ्यात थोडीच आणा, काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवा. गोळा झालेली भुकटी चाळून वापरू नका, टाकून द्या.

दुधात उकळण्याला क्षीरपाक म्हणतात. त्याचं जुनं माप औषध १ भाग, दूध ८ भाग, पाणी ३२ भाग. म्हणजे ५ ग्रॅम शतावरी, ४० मिली दूध, १६० मिली पाणी. मंद आचेवर दूध तेवढं उरेपर्यंत आटवायचं आणि गाळून घ्यायचं. दोन चुका हमखास होतात. पहिली, बारीक चूर्ण घालणं : शतावरीत चिकट द्रव्य असतं, चूर्णाची खळ होते आणि गाळणीतून काही उतरत नाही. भरड घ्या. दुसरी, पाणी वगळून थेट दुधात उकळणं : दूध तळाला लागतं आणि औषध पुरतं उतरायच्या आत आटून जातं. दूध कट्ट्यावरचं धारोष्ण असलं तरी कच्चं पिऊ नका. उकळल्याशिवाय त्यातल्या ब्रुसेलासारख्या जंतूंची भीती जात नाही.

आणि साखरेची तपासणी बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांनी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन, पुन्हा करायची असते. बाळाच्या गडबडीत ती राहून जाते, आजच कॅलेंडरवर खूण करा.

प्रश्न : वय ४४. चार महिने पाळी नऊ-दहा दिवस चालते, गाठी पडतात, जिना चढताना दम लागतो. नणंदेनं अशोकारिष्ट सुचवलं. आमच्या सोसायटीच्या कुंपणाला अशोकाची झाडं आहेत, त्यांची साल चालेल का? — शाहूपुरी

उत्तर : कुंपणाचा तो उंच, सुळक्यासारखा, लांब लाटेदार पानांचा अशोक खोटा. औषधातला तो सीताअशोक : पसरट झाड, एका देठावर पानांच्या जोड्या, कोवळी पानं तांबूस आणि लोंबती, फुलं नारिंगी-लाल गुच्छांत. दोन्ही झाडं वेगळ्या कुळांतली आहेत. सीताअशोक आता दुर्मीळ होत चालला आहे, आणि बाजारात खऱ्या सालीत खोटीची भेसळ सर्रास होते. म्हणून झाडाची साल सोलू नका. त्यानं औषध मिळणार नाही आणि झाडही जाईल.

खऱ्या सालीबद्दल प्रयोगशाळेतली आणि प्राण्यांवरची कामं आहेत. पण जास्त रक्तस्राव असलेल्या बायकांवर, नीट गट पाडून केलेल्या मोठ्या चाचण्यांचा आधार अशोकारिष्टाला नाही. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडला आहे : पाळीच्या दिवसांत घेतलं तर रक्त एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी जातं. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास पूर्वी झालेल्यांना ते चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्या. अरिष्टात आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं ५ ते १० टक्के अल्कोहोल असतं, हेही घरात सांगा. २० मिली दोनदा म्हणजे ४ मिलीपर्यंत अल्कोहोल.

पण तुमच्या बाबतीत आधी निदान हवं. सात दिवसांच्या पुढे पाळी, गाठी आणि दम, यावरून हिमोग्लोबिन उतरलेलं असणार. या आठवड्यात रक्ताची तपासणी, थायरॉईड, गरोदरपणाची चाचणी आणि सोनोग्राफी करून घ्या. फायब्रॉईड (गर्भाशयातली गाठ), पॉलिप (अस्तरातून वाढलेला कोंब), गर्भाशयाच्या अस्तराची जाडी यातलं काय आहे ते कळेल. चाळिशीनंतर अस्तराचा तुकडा तपासायला सांगितला तर घाबरून टाळू नका. कर्करोग नाही ना, हे त्यातूनच कळतं. तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल किंवा चक्कर येत असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, रात्र असली तरी.

प्रश्न : मेथीचे आणि हळिवाचे लाडू किती? हळीव खाल्ले तर लोहाच्या गोळ्या बंद केल्या चालतील का? — कागल

उत्तर : नाही. लाडू खा, गोळ्याही घ्या. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, आणि बाळंतपणानंतर ती रोज एक, १८० दिवस घ्यायची असते. चहा-दुधाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि चहाला निदान तासाभराचं अंतर ठेवा. हळीव रात्रभर नारळाच्या पाण्यात भिजवले की फुगून चिकट होतात, मग ओलं खोबरं आणि गुळात शिजवून लाडू. रोज एक पुरे. आपला गूळ चांगला असला तरी साखरच आहे.

मेथीनं रक्तातली साखर उतरते, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जपून. शेंगदाणा किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्यांना मेथीही बाधू शकते. एक गंमत : मेथी भरपूर खाल्ली की आईच्या घामाला आणि बाळाच्या लघवीलाही गोडसर, पाकासारखा वास येतो. एका दुर्मीळ जन्मजात आजारात बाळाच्या लघवीला असाच वास येतो. तेव्हा डॉक्टरांनी वासाबद्दल विचारलं तर लाडवांचा उल्लेख आवर्जून करा.