"मॅडम, माझी माया आटली का?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एक बाई खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "मी दगड झालेय. परवा एक आजी गेल्या आणि माझ्या मनात पहिलं काय आलं माहितीये? चला, एक अंघोळ कमी झाली."

एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी रागावेन असं वाटलं असावं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात अकरा वर्षं. अंघोळी, डायपर, भरवणं, अंथरुणाला खिळलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलणं. नोकरी सोडू का, हा त्यांचा प्रश्न. हे काम करणाऱ्या बऱ्याच जणी तो घेऊन येतात. आपण या कामाच्या लायक उरलो नाही, असं त्यांना वाटत असतं.

रागाच्या भरात कुणावर हात उगारला गेला का, हे मी आधी विचारते. नव्हता. मग म्हटलं, कालची सकाळ सांगा.

नाश्त्याच्या आत दहा जणांना तयार करायचं. त्यातले एक आजोबा. हात थरथरतात, पण सदऱ्याची बटणं स्वतःच लावायची असतात. "त्याला आठ मिनिटं लागतात, मॅडम. मी त्यांचा हात बाजूला करून लावून टाकली. ते काही बोलले नाहीत. रोज असंच करते मी."

आणि त्या रडायला लागल्या. आजींबद्दल बोलताना डोळे कोरडे होते.

कामाच्या ताणाने येणाऱ्या थकव्यासाठी क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये एक मोजपट्टी मांडली. भावनिक दमणूक, माणसांविषयी कोरडेपणा आणि 'माझ्या हातून काही होत नाही' ही भावना, अशी तिची तीन अंगं. 'एक अंघोळ कमी' हा त्यातला कोरडेपणा. तो स्वभाव नव्हे, फार दमलेल्या मनाने ओढून घेतलेलं पांघरूण आहे. बटणांचं दुखणं मात्र वेगळं. योग्य काय ते कळतं, पण व्यवस्था ते करू देत नाही, या घुसमटीला तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात नाव दिलं. मराठीत नैतिक क्लेश म्हणता येईल. माया आटलेल्या माणसाला तो होत नाही. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, "म्हणजे मी बरी आहे?"

दीर्घ श्वसन वगैरे मी शिकवलं नाही. श्वासाने सकाळ लांबत नाही. त्याऐवजी मेट्रनकडे काय मागता येईल ते आम्ही लिहून काढलं: रोज तीच माणसं वाट्याला द्यावीत, आणि अंघोळींचा क्रम मला ठरवू द्यावा. जादा माणूस मिळणार नाही हे त्यांनाच पक्कं ठाऊक होतं.

दुसरी मागणी मान्य झाली, पहिली लटकली. आता त्या आजोबांना सर्वांत आधी अंघोळ घालतात, सदरा हातात देतात आणि शेजारच्या खाटेकडे वळतात. परत येईपर्यंत तीन बटणं लागलेली असतात. कधी चुकीच्या काजात.

त्या आजींचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला. खाट दुसऱ्याच दिवशी भरली होती. त्यांच्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. पाऊण तास त्या फक्त आजींविषयी सांगत होत्या. केस विंचरताना दुखलं की चिमटा काढायच्या म्हणे.

राजीनामा अजून पर्समध्ये आहे.