बकऱ्या विकून लेकीला भेटायला जायचं?

प्रश्न: आमच्या वाचनगटात निर्मला पुतुल यांची ती लग्नाबद्दल बाबाला सांगणारी कविता वाचली. एक ताई म्हणाल्या ही निसर्गकविता आहे, बाई आणि निसर्ग एकच असं त्यात म्हटलंय. मला काही ते पटलं नाही पण उत्तरही सुचलं नाही. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नाही पटलं ते बरंच झालं. पुतुल झारखंडातल्या दुमक्याच्या, जन्म १९७२ चा, लिहितात संथाली या आदिवासी भाषेत आणि आपल्यापर्यंत येतात त्या हिंदीतून. कवितेतली मुलगी म्हणते, बाबा मला इतक्या लांब देऊ नको की भेटायला यायचं तर तुला घरच्या बकऱ्या विकाव्या लागतील. आता यात निसर्ग कुठाय सांगा, मला तर हा सरळ गाडीभाड्याचा हिशोब वाटतो. ज्या बापाकडे बकऱ्या सोडून विकायला काही नाही त्याची लेक लांब गेली की तिच्या मागे कुणी उरत नाही, आणि हे सासरच्यांनाही बरोबर कळतं. म्हणून तिला नदी हवीय. या घाटावर ती रडली तर त्या घाटावर अंघोळ करणाऱ्या बाबाला ऐकू जावं, एवढ्यासाठी! आपल्या जात्यावरच्या ओव्यांत लांब दिलेली लेक भावाची वाट बघत बसते, ही लग्नाआधीच अटी घालून मोकळी.

नवरा कसा नको तेही ऐका. ज्या हातांनी कधी झाड लावलं नाही, कुणाचं ओझं उचललं नाही, ज्या हाताला ‘ह’ लिहिता येत नाही, तो नको. झाड आणि अक्षर एका दमात! दारूत बुडालेला नको, ऊठसूट तीरकामठा काढणारा नको, म्हणजे जंगलातला पुरुष म्हणून आपोआप चांगला असला भाबडेपणा पुतुलबाईंकडे नाहीये. त्यांची सजोनी किस्कूवरची कविता मिळाली तर वाचा, त्यात नांगर चालवल्याची शिक्षा म्हणून एका बाईला बैलासारखं जुंपल्याचा उल्लेख आहे. बाई आणि जमीन एकच ना, मग तिने नांगर धरला तर गावाचं काय जातं, हे ताईंना विचाराच.

एक मात्र ताईंच्या बाजूने, शेवटी ती वसंतात रोज अंबाड्यासाठी पळसाची फुलं आणणारा नवरा मागते, तिथे मीही विरघळतो. पण लगेच पुढे म्हणते, मी उपाशी असले तर ज्याच्या घशाखाली घास उतरणार नाही, त्यालाच दे मला.