चांदीच्या कामाला ऑक्सिजन-ॲसिटिलीनचा सेट कर्ज काढून घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात महालमध्ये राहणाऱ्या एक ताई घरी जोडवी घडवतात आणि इतवारीच्या सराफ्यातून पैंजणांच्या दुरुस्त्या आणतात. महिन्याला साठेक नग होतात, खर्च वजा जाता नगामागे ८० रुपये सुटतात. घर यजमानांच्या खासगी नोकरीवर चालतं. हातातला ब्यूटेनचा छोटा टॉर्च जाड पैंजणाला पुरत नाही, म्हणून ५२,००० रुपयांचा ऑक्सिजन-ॲसिटिलीनचा सेट घ्यायचं मनात आहे. त्यासाठी २८,००० च्या बचतीतले १२,००० आणि फायनान्स कंपनीचं ४०,००० कर्ज, १८ टक्क्यांनी दोन वर्षं. पायाच्या भात्यासकट एलपीजी टॉर्चचा भाव त्यांना ९,५०० सांगितला आहे. जमलेली मोड, म्हणजे जुनी-तुटकी चांदी, एका वेळी ४०-५० ग्रॅम, घरीच वितळवायचीही इच्छा आहे.

ताई, हा सेट घेऊ नका. पैशाच्या आधी आगीचंच बघू. तुमचा टॉर्च कमी पडतो तो ज्योत पुरेशी तापत नाही म्हणून नव्हे. शुद्ध चांदी ९६१ अंशांना वितळते आणि ब्यूटेनची ज्योत त्याच्या कितीतरी वर असते. अडचण ज्योतीच्या आकाराची आहे. चांदी उष्णता लगेच सगळीकडे पसरवते, त्यामुळे एका कडीला टाका मारायचा तरी आजूबाजूचा मोठा भाग तापवावा लागतो. त्याला हवी रुंद, मऊ ज्योत. ॲसिटिलीनची ज्योत ३,००० अंशांच्या वर जाते, तीही टोकदार. सोल्डर, म्हणजे टाक्याचा जोडधातू, वाहायला सातशे-साडेसातशे अंश लागतात आणि ९२.५ टक्क्यांची चांदी आठशेच्या आसपासच वितळायला लागते, म्हणजे हाताशी पन्नास-शंभर अंशांचंच अंतर. टोकदार ज्योतीत सोल्डर वाहायच्या आत कडीची कडा गळून गोळा होते. गिऱ्हाइकाच्या पैंजणाची भरपाई मग तुमच्या खिशातून.

आता हप्ता. ४०,००० ला महिना सुमारे १,९९७ रुपये, दोन वर्षांत व्याज जवळपास ७,९०० रुपये. तुमच्या ६० नगांपैकी २५ नग निव्वळ हप्त्यासाठी. दोन सिलिंडर भरणं आणि त्यांची ने-आण वेगळीच. शिवाय महालच्या वाड्यात घरमालकाला न विचारता ॲसिटिलीन ठेवणं मला मान्य नाही.

खर्च करण्याआधी एक करून बघा. हलक्या, सच्छिद्र उष्णतारोधक विटा तीन आणा. एक खाली, दोन मागे काटकोनात उभ्या करा आणि पैंजण त्या कोपऱ्यात ठेवा. साधी भाजकी वीट उष्णता पिते, ही परत फेकते. आधी जाड भाग तापवा, ज्योत सतत फिरती ठेवा, टाक्याकडे शेवटी या. सोल्डर उष्णतेच्या दिशेनं धावतं. निम्मी अडचण इथेच सुटेल असा माझा अंदाज आहे.

तरी कमी पडलं तर ९,५०० चा एलपीजी टॉर्च घ्या. ५० ग्रॅम मोड लहान मुशीत (वितळवायच्या भांड्यात) टाकणखार घालून त्यावर वितळते. सिलिंडर व्यावसायिक ५ किलोचा घ्या. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणं नियमात बसत नाही, अपघात झाला तर विमाही अडकतो. टॉर्चला लागणारा दाब आणि रेग्युलेटर जुळतात का ते दुकानातच पेटवून बघा. स्वयंपाकाच्या शेगडीचा रेग्युलेटर दाबावर चालणाऱ्या टॉर्चला पुरत नाही. जोड लावला की साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळली तर जमिनीलगत साचते. उन्हाळ्यात कूलरचा झोत ज्योतीवर आला तर ती वाकते आणि नग तापतच नाही. पण म्हणून खिडकी बंद करू नका, कूलरचं तोंड फिरवा. आणि कॅडमियमचं स्वस्त सोल्डर घरात आणू नका. त्याचा धूर फुप्फुसं खातो, तिथे चार पैसे जास्त जाऊ द्या.

पैशाचा हिशेब मग असा बसतो: विटा, टॉर्च आणि किरकोळ सामान मिळून १२,००० च्या आत, आणि १६,००० हातात. त्यांना हात लावू नका. चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून थोडा कच्चा मालही बरीच रक्कम अडवतो.

कर्जाबद्दल एक गोष्ट मात्र आजच तपासा. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सोनारकाम आहे. हत्यारांसाठी १५,००० पर्यंतचं ई-व्हाउचर आणि प्रशिक्षणानंतर ५ टक्क्यांनी एक लाखापर्यंत कर्ज, फेड १८ महिन्यांत. पण पाच वर्षांत मुद्रा कर्ज (छोट्या धंद्यासाठीच्या सरकारी योजनेतलं) घेतलं असेल आणि ते फिटलेलं नसेल तर अर्ज बसत नाही. फायनान्स कंपनीनं तुमचं कर्ज मुद्राखाली दाखवलं तर हे दार दोन वर्षं बंद. योजना कुटुंबातल्या एकालाच मिळते. सरकारी नोकरी असलेलं घर अपात्र ठरतं, तुमचं तसं नाही. नोंदणी सीएससी केंद्रात (सरकारी कामांच्या सेवा केंद्रात) आधार दाखवून होते. व्हाउचर मिळेपर्यंत ते हिशेबात धरू नका.

टॉर्च आल्यावर पहिले दहा दिवस सिलिंडर सुरुवातीला आणि शेवटी वजनकाट्यावर ठेवा, कमी झालेले ग्रॅम नगांनी भागा. नगामागे गॅस किती रुपयांचा जातो ते कळेल, आणि सराफ्यात मजुरी ठरवताना तोच आकडा पुढे ठेवा. पुढे याहून जास्त ताप लागणारं काम येऊ लागलं, तर याच एलपीजीला ऑक्सिजनचा एकच सिलिंडर जोडायचा विचार करू.