प्लग-इन हायब्रिड (प्लगला लावून चार्ज होणारी बॅटरी आणि इंजिन, दोन्ही असलेली गाडी) एका चार्जमध्ये किती जाईल, हे चालवण्याच्या सवयीवर खरंच एवढं अवलंबून असतं का?

हो, आणि सगळ्यात जास्त फरक हायवेवरच्या वेगाने पडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 65 मैलांऐवजी 75 ने गेलात, तर तो जवळपास एक तृतीयांशाने जास्त, आणि तेवढी वीज बॅटरीतूनच जाणार. 2016 च्या शेव्हरोले व्होल्टला अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्थेने) दिलेला एका चार्जमधला 53 मैलांचा आकडा शहर आणि हायवे मिळून काढलेला आहे. नुसत्या हायवेवर तो गाठायची अपेक्षा ठेवू नका. शहरात मात्र पुढचा सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद काढा. हळूहळू थांबलात तर रीजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे (वेग कमी होताना मोटरच वीज बनवते) थोडी वीज परत मिळते. कचकन ब्रेक मारला की बरीचशी ब्रेक पॅडच्या उष्णतेत वाया जाते. (दणक्यात ॲक्सिलरेटर दाबण्याला लोक फार दोष देतात, माझ्या मते खरा खर्च त्यानंतरच्या ब्रेकचा.)

एक अपवाद: कडाक्याच्या थंडीत सवयी कितीही चांगल्या असोत, रेंज घटतेच. हीटर बॅटरी खातो, काही मॉडेलांत तर इंजिनच सुरू होतं. तेव्हा गाडी प्लगला असतानाच गरम करून घ्या, वाटेत सीट हीटरवर भागवा.