दोर माझ्या हातात होता

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

कर्नाटकच्या अग्निशमन दलात फायरमन म्हणून तुझी निवड झाल्याचं कळलं. तुझ्या आईचा फोन येऊन गेला. माउलीला रडू आवरत नव्हतं. तिची समजूत मी घालीन. पण तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी इतकी वर्षं घरातही धड बोललो नाही.

खानापूर तालुक्यातली शेतविहीर. डिझेल इंजिन आत उतरवून पाणी उपसत होते, खाली गेलेला गडी वर येईना. आम्ही पोचलो तेव्हा त्याची बायको तोंडात पदर कोंबून काठावर उभी होती. आमच्यातला एकजण, माझ्याच बरोबरीचा, कमरेला दोर बांधून तसाच उतरला. हवेच्या सिलिंडरचा बीए सेट गाडीत होता. पाठीवर चढवायला दोन मिनिटं लागली असती. पंधरा-वीस पायऱ्या तो नीट उतरला आणि दोर एकदम जड झाला. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग, ना वास. दोघांनाही वर काढलं, वाचलं कुणीच नाही. दोर माझ्या हातात होता. ‘थांब, सेट घाल’ एवढं माझ्या तोंडून निघालं नाही.

त्यानंतर आमच्या ठाण्यातला एकही पोरगा सेटशिवाय विहिरीत उतरला नाही. पट्टे आवळताना कुणीतरी त्याचं नाव घ्यायचंच. त्याच्यामागे काय उरलं म्हणशील, तर मी हेच दाखवीन. फोटोला हार काय, सगळेच घालतात.

14 एप्रिलला तू श्रद्धांजलीच्या रांगेत उभा राहशील. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं एकाच जहाजात! पाणी मारता मारता 66 जवान गेले. मे 2015 मध्ये काळबादेवीत जळती इमारत कोसळली, त्यात मुंबई दलाने चार अधिकारी गमावले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्यांतलेच. नेसरी म्हटलं की आपल्याला गडहिंग्लजकडचा रस्ता आठवतो, म्हणून की काय, ती बातमी घरातली वाटली होती मला. तू नुसता मान खाली घालून उभा राहू नकोस. ही माणसं नेमकी कशी गेली ते वरिष्ठांना विचार, पुन्हा पुन्हा विचार.

सिलिंडर अर्धा तास पुरतो म्हणतात. धापा टाकत जिना चढलास की त्याआधीच हवा संपत आल्याची शिट्टी वाजेल. वाजली की बाहेर, शोध अर्धा राहिला तरी.

आणि कन्नड पक्कं कर. हुकूम कन्नडमधून येतो. धुरात ‘होरगे बन्नी’, म्हणजे ‘बाहेर या’, ऐकलंस की मनात त्याचं मराठी करत बसायला वेळ नसतो, पाय आपसूक मागे वळले पाहिजेत.

रविवारी ये. येताना चांगला दोर आण, गाठी घालून दाखवतो. त्याचं नाव इथे लिहवत नाही, तेव्हा सांगेन.

तुझा,
काका