वाडा सोडून गावाकडे जाताय, तर आधी वाद्यांचं बघा

गाणं शिकवणारे तुम्ही दोघं नाशिकच्या पंचवटीतला वाडा सोडून इगतपुरीकडे चाललाय हे तुम्ही लिहिलेलं वाचून खूप आनंद झाला, वाईटही वाटलं. पण एक लक्षात घ्या, नाशिक शहरात वर्षाला पाऊस जेमतेम 700 मिमीच्या आसपास आणि इगतपुरीत 3000 च्या वर, त्यामुळे तिथे वाद्यांची तब्येत सांभाळणं हेच मोठं काम होणार.

तंबोरा टेम्पोत कपाटाबरोबर अजिबात टाकू नका, भोपळा म्हणजे वाळलेलं फळच ते, एक धक्का बसला की तडा गेलाच. तारा उतरवा पण पूर्ण ढिल्या नको, थोडा ताण राहू दे, भोपळ्याला गोधडी गुंडाळा आणि कारमध्ये मागच्या सीटवर एकाने धरून बसा. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, दमट हवेत सुरातून उतरते, म्हणून जून ते सप्टेंबर तबला झाकणाच्या डब्यात ठेवून त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला. पेटी (हार्मोनियम) बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल लागते, लाकूड फुगलं की पट्ट्या अडकतात.

नवीन बंगल्यात काँक्रीट आणि टाइल्स, आवाज नुसता घुमतो, वाड्यातल्या लाकडी माळवदाखाली गाणारा माणूस पहिले काही दिवस वैतागतोच. सतरंज्या, जाड पडदे, पुस्तकांचं कपाट, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

आणि हो, निघण्याआधी रिकाम्या माजघरात दोघांनी मिळून एक भूप राग रेकॉर्ड करून ठेवा, साध्या मोबाइलवर चालेल. शहरातल्या शिष्यांसाठी आठवड्याचे दोन दिवस एखादी खोली मात्र घ्याच, लहान मुलांना पालक रोज घाटाच्या तोंडापर्यंत आणणार नाहीत.