इंग्रजीतल्या ‘रन’चे एवढे अर्थ लक्षात कसे ठेवायचे?

तुम्ही विचारलंय की रन म्हणजे धावणे एवढंच शाळेत शिकवलं, पण डिक्शनरी उघडली तर अर्थ संपतच नाहीत, मग हे सगळं पाठ कसं करायचं. पाठ करूच नका. मी बरीच वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतोय आणि हा शब्द माझ्या खूप आवडीचा आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी रन हा शब्द हाती घेतला तेव्हा त्यांना त्याच्यासाठी तब्बल ९ महिने लागले आणि नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. १९८९ च्या आवृत्तीत पहिला नंबर ‘सेट’चा होता, त्याचे साधारण ४३० होते. एवढे अर्थ कुठल्याच इंग्रज माणसाला पाठ नसतात हो, त्याला फक्त शब्दाचा कल कुठे आहे ते कळतं, आणि तो कल आपल्यालाही कळू शकतो कारण आपल्याकडे त्याच्या जोडीचा शब्द आहे, चालणे.

बघा ना, आपलं दुकान चालतं, गाडी चालते, घड्याळ चालतं, शाळा चालते, नाटक वर्षभर चालतं, एसटी या रूटवर चालते का असं आपण विचारतो. यातल्या एकालाही पाय नाहीत. इंग्रजीत या सगळ्या ठिकाणी बिनधास्त रन वापरा, बरोबर येतं. ती क्लास चालवते म्हणजे शी रन्स अ क्लास, आणि मशीन चालू आहे म्हणजे द मशीन इज रनिंग. आपण जिथे चालतो तिथे इंग्रजी पळते, एवढाच फरक. आणि यंत्रं आली तसा हा शब्द फुगत गेला, आधी गिरण्या आणि रेल्वे, मग मोटारी, मग कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम रन करणं, प्रत्येक नव्या वस्तूला ‘चालू आहे’ म्हणायला हाच शब्द हाताशी होता.

त्याहून मजेची गोष्ट म्हणजे आपण वेळ संपत चाललाय, दूध संपत चाललंय असं म्हणतो ना, तिथे पण इंग्रजीत रनच येतो, टाइम इज रनिंग आउट. उशीर होत चालला असेल तर आय ॲम रनिंग लेट. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा खरंच खूप आनंद झाला होता.

पण उलटं करू नका. चहा चालेल का, फाटकी नोट चालेल का, यातल्या ‘चालेल’ला रन अजिबात चालत नाही.

दुसरा मोठा गट वाहण्याचा. नदी वाहते, नाक वाहतं, नळ वाहतोय, सगळीकडे रन. नवा कुर्ता धुताना रंग जातो तोही रन, कारण रंग पाण्याबरोबर वाहतो. रस्ता गावातून जातो, तार भिंतीवरून जाते, घराण्यात डायबेटिस आहे, हे सगळं याच्याच शेजारचं, एखादी गोष्ट लांबपर्यंत सलग जाते असा भाव. आपले सुतार आणि फॅब्रिकेशनवाले ‘रनिंग फुटाचा’ रेट सांगतात तो पण इथलाच, म्हणजे फक्त लांबी मोजायची. तसंच जुनी गाडी घेताना आपण रनिंग किती झालंय विचारतो, आणि जानेवारी २०२१ मध्ये कोरोना लसीचा ‘ड्राय रन’ झाला तेव्हा तो शब्द गावोगावच्या बातम्यांत आला. म्हणजे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त रन तुम्हाला आधीच येतो.

निवडणुकीचं मात्र वेगळं आहे. अमेरिकेत उमेदवार अध्यक्षपदासाठी रन करतो, ब्रिटनमध्ये तो स्टँड करतो, आणि आपल्याकडेही माणूस निवडणुकीला उभाच राहतो. त्यामुळे अमेरिकन बातमी वाचताना ‘ते अध्यक्षपदासाठी धावत आहेत’ असं भाषांतर कृपया करू नका, मी छापील मजकुरात सुद्धा असलं वाचलंय आणि फार वाईट वाटतं.

आता खरं पाठ करायचं ते एवढंच, रनच्या मागे छोटा शब्द लागला की काय होतं. रन इन्टू म्हणजे अचानक गाठ पडणं किंवा गाडीने जाऊन धडकणं, रन अवे म्हणजे पळून जाणं, रन आउट ऑफ म्हणजे एखादी गोष्ट संपणं, आणि नुसतं रन आउट क्रिकेटमध्ये काय ते तुम्हाला सांगायला नको. सगळ्यात जास्त सांभाळायचं ते रन ओव्हर. मीटिंग रन ओव्हर झाली म्हणजे ठरल्यापेक्षा लांबली, पण कुत्रा रन ओव्हर झाला म्हणजे तो गाडीखाली आला. इथे वाक्यात कोणाबद्दल बोलणं चाललंय ते बघितल्याशिवाय अर्थ लावूच नका.